गेघार्दचं सवणं

समोरच्या चित्रात छताच्या मधोमध जे भोक दिसतंय, तिथून सुरुवात करू. मराठवाड्यातल्यांना ते लगेच ओळखू येईल. माळवदाच्या घराला धूर जायला आणि उजेड यायला सवणं ठेवतात ना, तसंच हे. पण हे घर नव्हे. आर्मेनियात, राजधानी येरेवानपासून साधारण 40 किलोमीटरवर, आझात नदीच्या खोऱ्यात गेघार्द नावाचा मठ आहे. तिथलं हे चर्च, आणि ते अख्खं डोंगरात कोरलेलं आहे.

मठाचं जुनं नाव आयरिवांक. आयर म्हणजे गुहा, वांक म्हणजे मठ. त्या गुहेत एक झरा होता आणि ख्रिस्ती धर्म येण्याआधीपासून लोक त्याला पवित्र मानत. आर्मेनियाने परंपरेप्रमाणे इ.स. 301 मध्ये ख्रिस्ती धर्म राजधर्म म्हणून स्वीकारला. तो ज्यांच्यामुळे स्वीकारला गेला त्या संत ग्रेगरींनीच या झऱ्यापाशी मठ स्थापला, असं तिथे सांगतात. त्या पहिल्या मठाचं आज काही उभं नाही. 923 मध्ये खलिफाचा अंमलदार नस्र याने मठ लुटून जाळला. दुर्मीळ हस्तलिखितं त्यात गेली, याची हळहळ मला आजही वाटते. गेघार्द हे नाव पुढचं, त्याचा अर्थ भाला. क्रुसावरच्या येशूच्या कुशीत खुपसलेला भाला इथे जपून ठेवला होता अशी श्रद्धा. तो आता एचमियाद्झिनला, आर्मेनियन चर्चच्या मुख्य पीठात आहे.

आज आपण बघतो तो मठ 13व्या शतकातला. झाकारियन घराण्यातले दोघे भाऊ, झाकारे आणि इवाने, जॉर्जियाच्या तामार राणीचे सेनापती होते. त्यांनी आर्मेनियाचा बराच मुलूख तुर्कांकडून सोडवला आणि देशात पुन्हा बांधकामं सुरू झाली. गेघार्दचं मुख्य चर्च 1215 मधलं. त्याच्या पश्चिमेला काही वर्षांतच गावित बांधलं. गावित म्हणजे चर्चला जोडलेला सभामंडप. मधे चार खांब, वर मधमाश्यांच्या पोळ्यासारखं दगडी छत आणि त्याच्या मध्यावर भोक.

हे भोक आलं कुठून? आर्मेनियातल्या शेतकऱ्याच्या जुन्या घरातून. तिथे तुळयांवर तुळया आडव्यातिडव्या रचत, घेर लहान लहान करत छप्पर वर नेत आणि शेवटी माथ्यावर जागा मोकळी ठेवत. तिला ते येर्दिक म्हणतात. तिच्याखाली चूल. चुलीच्या धुराची ही वाट गवंड्यांनी दगडात नेली आणि प्रार्थनेच्या जागेवर ठेवली. मला या मठाचं सगळ्यात मोठं वैभव हेच वाटतं.

गावितच्या पाठीशी कडा आहे. बांधकामाला पुढे जागाच नाही, म्हणून कारागीर कड्यात शिरले. पहिलं कोरीव चर्च झऱ्याचं. त्यात गाल्झाक या कारागिराचं नाव कोरलेलं आहे. वर सवणं पाडायचं, तिथून आत उतरायचं आणि कोरत कोरत खाली यायचं, अशी त्यांची रीत सांगतात. वेरूळचं कैलासही वरून खालीच कोरलेलं, पण तिथे डोक्यावर मोकळं आभाळ होतं. इथे घागरीच्या तोंडातून हात घालून ती आतून पोखरावी, तसं काम. आणि पोखरताना त्यांनी कमानी कोरल्या, खांब कोरले, सगळं बांधलेल्या इमारतीसारखं! कातळाला कमानीचा आधार लागत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात कातळाच्या छताखाली लाकडी फासळ्या आहेत, त्याही काही तोलत नाहीत. हात ज्या रूपाला सरावलेला असतो, ते रूप तो दगडातही काढतो.

पुढे प्रोश नावाच्या सरदाराने मठ विकत घेतला. 1283 मध्ये त्याच्या घराण्याचं दफनगृह आणि त्याला लागून दुसरं कोरीव चर्च पुरं झालं. दफनगृहाच्या भिंतीवर बैलाच्या तोंडात साखळी, तिच्या दोन टोकांना दोन सिंह आणि खाली पंजात कोकरू धरलेला गरुड आहे. 1288 मध्ये वरच्या अंगाला आणखी एक दालन कोरलं. तिकडे जायला बाहेरून पायऱ्या आहेत. वाटेत कातळात क्रूस कोरलेले. या दालनात एकाने जरी सूर लावला तरी तो चारी भिंतींवरून परत येतो आणि बराच वेळ विरत नाही. जमिनीत, एका कोपऱ्यात, छोटंसं भोक आहे. त्यातून डोकावलं की खालचं दफनगृह दिसतं. म्हणजे वरचे सूर त्या थडग्यांपर्यंत पोचतात.

आता पुन्हा पहिल्या चित्राकडे येऊ. सवण्यातून पडलेला उजेड जिथे संपतो, तिथे फरशी ओली दिसतेय. तो झरा. गाल्झाकने तो बुजवला नाही, वळवला नाही. चर्चच्या आतच ठेवला. आर्मेनियन लोक त्या चर्चला ‘अवाझान’ म्हणतात, म्हणजे कुंड. आजही लोक तिथे वाकतात, ओंजळीत पाणी घेतात आणि घरच्यांसाठी बाटली भरून नेतात.