बर्फातली नळी आणि जिवंत पेशी

[दृश्य: बेळगाव, टिळकवाडी. महाविद्यालयाची प्रयोगशाळा. बर्फाने भरलेल्या थर्माकोलच्या डब्यात रोवलेल्या नळ्या.]

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठी शाळांतून विज्ञान शाखेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला पेशीपटलाची पहिली ओळख आकृतीतून होते: मेदरेणूंच्या दोन रांगा, त्यांची डोकी बाहेर, शेपट्या आत, आणि मधूनमधून खोवलेली प्रथिने. अवघ्या ५ नॅनोमीटरच्या आसपास जाडी असलेले हे पटल द्रवासारखे असते आणि त्यातील रेणू सतत जागा बदलत असतात, ही मांडणी सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ साली केली. आकृतीत सगळे मेदरेणू एकाच साच्यातले दिसतात. प्रत्यक्षात त्यांचे शेकडो प्रकार असतात. काहींच्या शेपट्या असंपृक्त, म्हणजे कार्बनच्या साखळीत दुहेरी बंध असलेल्या, म्हणून वाकड्या असतात. स्फिंगोलिपिड या प्रकारच्या मेदरेणूंच्या शेपट्या मात्र बहुधा सरळ व संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेल्या, असतात, आणि त्यांच्या फटींत कोलेस्टेरॉल नेमके बसते. असे रेणू एकमेकांना धरून पटलात छोटे, दाट पुंजके करत असतील का, हा या चित्रफितीचा विषय आहे. या पुंजक्यांना लिपिड राफ्ट, म्हणजे मेदाचे तराफे, म्हणतात.

[दृश्य: नळीचा जवळून घेतलेला भाग. पारदर्शक द्रावणाच्या मधोमध दुधी रंगाची बारीक पट्टी.]

ही दुधी पट्टी नीट पाहावी, कारण पुढचा सारा वाद तिच्यातून निघाला. डेबोरा ब्राऊन आणि जॉन रोझ यांनी १९९२ साली पेशींवर ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट घातले, तेही ४ अंश सेल्सिअसला. डिटर्जंटचे रेणू पटलात पाचरीसारखे शिरतात आणि पटल विरघळते; पण घट्ट रचलेल्या भागात त्यांना सहज शिरकाव मिळत नाही. जे विरघळले नाही ते साखरेच्या कमीअधिक दाट द्रावणांच्या थरांखाली ठेवून अतिवेगाने फिरवले, की हलके असल्यामुळे वर तरंगत येते आणि दोन थरांच्या सीमेवर अशी पट्टी धरते. तिच्यात कोलेस्टेरॉल आणि स्फिंगोलिपिडे भरपूर सापडली, तशीच मेदाच्या नांगराने पटलाच्या बाहेरच्या थरात रोवलेली, जीपीआय नावाने ओळखली जाणारी प्रथिनेही सापडली. कै सिमॉन्स आणि एलिना इकोनेन यांनी १९९७ साली राफ्टची कल्पना सविस्तर मांडली, आणि त्यानंतर अनेक प्रयोगशाळांत एखादे प्रथिन या पट्टीत आढळले की ते राफ्टमध्ये राहते, असा निष्कर्ष सर्रास काढला जाऊ लागला.

हा निष्कर्ष घाईचा होता, असे आम्हाला स्पष्टपणे सांगावेसे वाटते. थंडीच्या दिवसांत आपल्याकडे तुपाच्या बरणीत तळाशी रवा धरतो आणि वर पातळ तूप राहते. म्हणून उन्हाळ्यातल्या पातळ तुपातही तो रवा होताच, असे कोणी म्हणत नाही. मानवी पेशी ३७ अंशांना जगते. तिला ४ अंशांवर आणले की संपृक्त शेपट्यांचे मेदरेणू एकत्र येण्याची ओढ वाढते, म्हणजे जे मोजायचे तेच मोजण्याच्या रीतीमुळे घडू शकते. डिटर्जंटही तटस्थ नसते: कृत्रिम पटलांवरील प्रयोगांत ट्रायटनमुळेच दाट भाग तयार होण्यास चालना मिळते, असे २००२ साली दिसून आले. शिवाय एकाच पेशीवर वेगवेगळी डिटर्जंट वापरली की उरणारा अंश वेगवेगळा निघतो. त्यामुळे डिटर्जंटला दाद न देणारे पटल आणि जिवंत पेशीतील राफ्ट या दोन गोष्टी एक मानता येत नाहीत. पट्टी खोटी नाही. कोणते रेणू एकमेकांजवळ राहू शकतील याची ती सूचना देते, पण त्या रेणूंचा पेशीतला पत्ता ती देत नाही.

मग जिवंत पेशीत पाहायचे कसे? साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत, आणि राफ्ट त्याहून लहान असल्याचे मानले जाते.

[दृश्य: पहाटेचे बंगळूर रेल्वे स्थानक. त्यानंतर नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसचा परिसर.]

बेळगावहून रात्री निघणारी गाडी सकाळी ज्या शहरात पोचते, त्या बंगळुरात या प्रश्नावर मोलाचे काम झाले आहे, आणि सीमाभागातील मुलांना ते माहीत असावे अशी आमची मनापासून इच्छा आहे. तेथील नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमध्ये रजत वर्मा आणि सत्यजित मेयर यांनी १९९८ साली जीपीआय प्रथिनांना चमकणारी खूण लावली आणि त्यांच्यावर एकाच दिशेने कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित, प्रकाश टाकला. दोन खुणा काही नॅनोमीटरइतक्या जवळ असल्या तर एकीची ऊर्जा दुसरीकडे जाते आणि बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवण कमी होते. म्हणजे रेणू डोळ्यांना वेगळे दिसले नाहीत तरी त्यांची जवळीक मोजता येते. ही प्रथिने ७० नॅनोमीटरपेक्षा लहान भागांत एकत्र असल्याचे या मोजमापातून दिसले, आणि कोलेस्टेरॉल काढून घेतल्यावर ती विखुरली. त्याच वर्षी ॲन केनवर्दी आणि मायकेल एडिडिन यांना अमेरिकेत जवळपास त्याच तत्त्वावरच्या दुसऱ्या मोजणीत असे पुंजके आढळले नव्हते, हेही येथे सांगायला हवे. मेयर यांच्या गटाने २००४ साली चित्र अधिक नेमके केले: बहुतेक प्रथिने एकेकटी असतात, २० ते ४० टक्केच पुंजक्यांत असतात, आणि एका पुंजक्यात फार तर चार रेणू असतात.

चार रेणूंचा पुंजका आणि नळीतली डोळ्यांना दिसणारी पट्टी यांच्यात केवढे अंतर आहे! पुढे २०१२ साली याच गटाने, मदन राव यांच्यासह, हे पुंजके केवळ मेदरेणूंच्या आपसातील ओढीने जमत नाहीत, असे दाखवले. पटलाच्या आतल्या बाजूला ॲक्टिन या प्रथिनाचे आखूड तंतू असतात. मायोसिन हे दुसरे प्रथिन ऊर्जा खर्चून त्यांना हलवते, आणि या हालचालीतून पुंजके घडत व मोडत राहतात. बर्फावर ठेवून डिटर्जंट घातलेल्या पेशीत ही हालचाल थांबलेली असते, म्हणून ती मोजायची तर पेशी उबदार आणि जिवंत ठेवूनच मोजावी लागते.