आईला आलेला वास

नमस्कार, श्रोतेहो. १९३४ सालची गोष्ट, नॉर्वेतल्या ऑस्लो शहरातली. बोर्गनी एगेलँड नावाची आई दोन मुलांना घेऊन या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे हिंडत होती. मुलगी सहा वर्षांची, मुलगा चारचा. जन्मली तेव्हा दोघंही धडधाकट. पुढे मुलगी जेमतेम चार शब्द बोले, मुलाला तेही नाही. आणि आईचं एकच पालुपद : मुलांच्या लघवीला वास येतो हो. कुबट वास. डॉक्टर ऐकून सोडून देत.

अस्ब्यॉर्न फॉलिंग यांनी सोडलं नाही. ते डॉक्टर, पण त्याआधी रसायनशास्त्र शिकलेले. त्यांनी लघवीत फेरिक क्लोराइड या रसायनाचे थेंब टाकले. मधुमेह बळावलेल्या रोग्याची लघवी यानं जांभळट होते. इथे झाली गर्द हिरवी! औषधांमुळे असेल, म्हणून आठवडाभर सगळी औषधं बंद. पुन्हा हिरवी! मग ती माउली बाटल्या भरभरून लघवी आणत राहिली आणि फॉलिंगनी त्यातून फिनाइलपायरुविक आम्ल वेगळं काढलं. पुढे मतिमंदांच्या संस्थांतल्या ४३० जणांची लघवी तपासली. आठ जणांची हिरवी.

वास आधी आईला आला, बरं का. आणि आपल्याकडे? बाळाला न्हाऊमाखू घातलं की ओवा-शेपांची धुरी! त्यात कसला वास कळतोय? एवढ्याशा छातीत धूर जातो तो वेगळाच. यावरून मी घरोघरी भांडलोय. आजीबाई ऐकत नाहीत.

तर कारण थोडक्यात. दुधातल्या प्रथिनांत फिनाइलॲलनिन असतं. ते मार्गी लावणारं यकृतातलं विकर, म्हणजे एन्झाइम, जन्मतः कमी असेल, तर फिनाइलॲलनिन रक्तात साचतं आणि मेंदूची नासाडी करतं; त्याचंच फिनाइलपायरुविक आम्ल होऊन लघवीत उतरतं. हा पीकेयू, म्हणजे फिनाइलकीटोन्युरिया. गॅलॅक्टोसेमिया नावाच्या दुसऱ्या आजारात दुधातली साखर अशीच अडते : कावीळ हटत नाही, यकृत सुजतं, डोळ्यांत मोतीबिंदू. तिथे आईचं दूधसुद्धा थांबवावं लागतं.

हे आजार वेळीच कळावेत म्हणून टाचेची तपासणी. जन्मानंतर २४ ते ७२ तासांत टाचेतून रक्ताचे थेंब टिपकागदावर घेतात. पुन्हा सांगतो, टाचेचं रक्त, २४ ते ७२ तास.

अजून एक. मेपल सिरप युरिन डिसीज नावाच्या अशाच आजारात बाळाच्या लघवीला जळक्या साखरेचा, अगदी मेथीसारखा वास येतो. आणि बाळंतिणीनं मेथीचे लाडू खाल्ले, तरी तोच! तेव्हा वास आला तर डॉक्टरांकडे लगेच जा, आणि लाडवांचं लपवू नका.