फिट येते, हे कुणाकुणाला सांगायचं?

नमस्कार मंडळी! मुलीला चांगलं स्थळ सांगून आलंय. आणि घरात दार लावून कुजबुज चाललीये : "गोळ्यांचं आत्ताच काही बोलू नका हं. एकदा लग्न होऊन जाऊ दे."

गोळ्या फिटच्या. कुणी आकडी म्हणतं, कुणी मिरगी, डॉक्टर म्हणतात अपस्मार. नीट निदान आणि औषधं मिळाली तर सुमारे 70 टक्के लोकांच्या फिट पूर्ण थांबू शकतात. तरी झाकपाक सुरूच.

स्वतःबद्दल किती सांगायचं, हे आपण माणूस किती जवळचा यावर ठरवतो. मला ते पटत नाही. समोरचा या माहितीचं करणार काय आणि न सांगितल्याचे भोग कुणाच्या वाट्याला येणार, ते आधी बघा.

लग्नाचंच घ्या. नवी नवरी पट्टीतल्या गोळ्या काढून व्हिटॅमिनच्या डबीत भरते. हळद, वरात, जागरणं. त्यात सासूबाई खोलीत बसलेल्या, म्हणून रात्रीची गोळी राहते. झोप मोडणं आणि डोस चुकणं, फिट यायला एवढं पुरतं. मग सत्यनारायणाच्या पूजेत ती कोसळते आणि घरचे चप्पल हुंगवतात, दातांत चमचा घालतात. त्यांना दोष कसा देणार? त्यांना कुणी काही सांगितलेलंच नसतं! शिवाय फिटवरचं व्हॅल्प्रोएटसारखं औषध गर्भाला अपाय करू शकतं. मूल होऊ देण्याआधीच डॉक्टरांशी बोलून औषध बदलायचं का ते ठरवावं लागतं. ते नवऱ्यापासून लपवून कसं जमायचं? (आणि परस्पर गोळ्या बंद करणं तर त्याहून धोक्याचं.)

म्हणून जोडीदाराला सांगायचं, साखरपुड्याच्या आधी आणि स्वतःच्या तोंडानं. बायोडेटावर छापायची गरज नाही, पहिल्या कांदेपोह्यांनाही नाही. दोघांचं पुढे जायचं मन दिसलं की. मुलगा असेल तरी हेच. नकार येईल? येऊ शकतो. पण हिंदू विवाह कायद्यानंसुद्धा लग्नाच्या अटींमधून 'एपिलेप्सी' (म्हणजे अपस्मारच) हा शब्द 1999 मध्ये काढून टाकलाय. कायद्याला जे चालतं ते मध्यस्थ काकांना चालत नाही, असं दिसतं.

ऑफिसात गावभर करू नका. शेजारच्या खुर्चीवरच्याला मात्र सांगा : "मला फिट आली तर कुशीवर वळव, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेव, तोंडात काही घालू नकोस. घड्याळ बघ. 5 मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन लाव." बस. कधीपासून आहे, घरात आणखी कुणाला आहे, हा इतिहास त्याला कशाला?

आरटीओत मात्र निवड तुमची नाही. लायसनच्या फॉर्म 1 मध्ये फिट किंवा अचानक शुद्ध हरपण्याबद्दल थेट प्रश्न असतो. तिथे खरंच लिहायचं. रस्त्यावर दुसऱ्याचा जीव असतो.

राहिल्या लग्नकार्यात भेटणाऱ्या मावश्या. "बारीक दिसतेस गं, औषधं वगैरे चालू आहेत का?"

"आहेत की. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं हो?"

पुढचा अर्धा तास त्याच बोलतील.