कणगीची गोल खूण

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या आजीच्या माजघरात कणगी होती. बांबूच्या कामट्यांची, शेणामातीनं लिंपलेली, छातीइतकी उंच. ओल आणि उंदीर लागू नयेत म्हणून ती मातीच्या गोल ओट्यावर बसवलेली. पुढे कणगी मोडली, पण ओटा तिथंच राहिला. नवख्या माणसाला तो नुसता मातीचा उंचवटा वाटला असता. आमच्या लेखी मात्र ती वर्षाच्या ज्वारीची जागा होती.

असेच गोल ओटे इनामगावात सापडले. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथं उत्खनन केलं. डॉ. सांकलिया, डॉ. अन्सारी, डॉ. ढवळीकर ही त्यातली मोठी नावं. वस्ती इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली, म्हणजे लिहिलेलं अक्षरही नाही. मग हे ओटे कशाचे, हे सांगणार कोण? आपल्या खेड्यांतल्या कणग्यांनीच ते सांगितलं. घरांजवळ चुन्यानं लिंपलेले खड्डेही होते. ती धान्याची पेवं. ‘पेव फुटणं’ आपण रोज बोलतो, पण पेव डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आता शोधावं लागतं. म्हणून म्हणते, गावातली म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांना विचारून घ्या, टिपून ठेवा!

राजस्थानात आहाडच्या ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे दगडाबरोबर तांब्याचीही हत्यारं वापरणाऱ्या काळातल्या, संस्कृतीचा अभ्यास करताना डॉ. मालती नागर यांनी हीच वाट धरली. उत्खननातली घरं आणि भांडी त्यांनी आजूबाजूच्या खेड्यांतल्या जगण्याशी ताडून पाहिली.

पण इथं एक धोका आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. आजचा भिल्ल किंवा धनगर हा काही तीन हजार वर्षांपूर्वीचा माणूस नव्हे. त्याचाही इतिहास आहे, त्यानंही बाजार, दुष्काळ, राज्यं पाहिली आहेत. तेव्हा साम्य दिसलं की आधी विचारावं, हे साम्य कशामुळे? धान्याला ओल तेव्हाही लागायची, आजही लागते, म्हणून कणगीचा पुरावा भक्कम. श्रद्धेचं तसं नाही.

इनामगावात दगावलेली तान्ही मुलं दोन मडक्यांत ठेवून, मडक्यांची तोंडं एकमेकांना जोडून, घराच्या जमिनीखाली पुरत. आपल्याकडे आजही तान्ह्या बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात. ऐकताना गलबलून येतं, आणि नातं जोडावंसं वाटतं. पण त्याच इनामगावात मोठ्या माणसांना पुरताना त्यांची पावलं घोट्यापासून तोडलेली आढळतात. मेलेल्यानं उठून चालू लागू नये म्हणून, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. तो पटण्याजोगा आहे. तरी कणगीच्या ओट्याइतक्या खात्रीनं मी तो तुम्हाला सांगणार नाही.

नमस्कार.