वाऱ्याच्या बेटावरचं ताट

पान्तेलेरिया. बेट इटलीचं, पण सिसिलीपेक्षा ट्युनिशियाचा किनारा जवळ. ज्वालामुखीतून वर आलेली काळी जमीन, पाऊस बेताचा, आणि वारा बारमाही.

इथला द्राक्षवेल बघायचा तर वाकावं लागतं. मांडव नाही, तारा नाहीत. हातानं केलेल्या खळग्यात गुडघ्याएवढा वेल बसलेला. वारा वरून निघून जातो, ओल मुळाशी टिकते. लागवडीची ही रीत २०१४ साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेली. द्राक्षाचं नाव झिबिब्बो, अरबी ‘झबीब’वरून आलेलं. झबीब म्हणजे मनुका.

दगडी बांधांच्या फटींतून लोंबतात ती केपरची झुडपं. खायची ती न उमललेली कळी. ऐन उन्हाळ्यात एकेक कळी हातानं खुडायची आणि समुद्राच्या मिठात मुरवायची.

आता ताट बघा. उकडलेला बटाटा, टोमॅटो, लाल कांदा, ऑलिव्ह, ओरेगानो, वर ऑलिव्हचं तेल आणि मिठातून धुऊन काढलेले केपर. केपर दाताखाली फुटतो. आधी खारट, मागून मोहरीसारखी झणक. त्यावर थंडगार झिबिब्बोचा घोट, गोड नसलेल्या ड्राय वाइनचा. वास मोगऱ्याकडे झुकणारा, नाकाला वाटतं आता गोड लागणार. जिभेवर मात्र साखरेचा कण नाही. खारटपणा निवतो, बटाट्याची चव वर येते. माशाला पांढरी वाइन, मटणाला लाल, हा नियम मला इथे तोकडा वाटतो. एकाच बांधावरची ही दोन पिकं, एकच वारा खाल्लेली.

ऑगस्टमध्ये याच द्राक्षांचे घड उन्हात पसरतात. सुकले की मणी हातानं सोडवून, मागाहून खुडलेल्या ताज्या द्राक्षांच्या आंबत्या रसात घालतात. तयार होते ती ‘पासितो’ ही गोड वाइन, मधाच्या रंगाची, जर्दाळू आणि सुक्या अंजिराच्या वासाची.

तिच्याबरोबर ‘बाचो पान्तेस्को’. फुलाच्या आकाराचा लोखंडी साचा पातळ पिठात बुडवून कढत तेलात धरतात; गोव्यात नाताळच्या रोझ कुकीजना लागतो तोच हात. अशा दोन कुरकुरीत फुलांमध्ये गोड रिकोटा, म्हणजे मऊ ताजं चीज, वर पिठीसाखर. एक घास, मग छोट्या ग्लासातला एक घोट. बोटांना साखर, ओठांवर मनुका, आणि खिडकीबाहेर वारा तसाच.