फॉन लायडननी रझांना ‘शोधलं’ म्हणणाऱ्यांसाठी

नमस्कार मंडळी! २०२५च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात चित्रकार हुसेन यांचं ‘ग्रामयात्रा’ हे चित्र ११८ कोटींच्या आसपास गेलं, आणि तेव्हापासून माझ्या कमेंट्समध्ये एकच पालुपद सुरू आहे. “ताई, हुसेन, रझा या सगळ्या चित्रकारांना त्या जर्मन माणसानं शोधलं ना?” एक दादा तर दर व्हिडिओखाली विचारतात, मग तो व्हिडिओ वारली चित्रांचा का असेना. दादा, आजचा व्हिडिओ तुमचा.

तो माणूस म्हणजे रुडॉल्फ फॉन लायडन. लेडन नाही, लायडन. मित्रमंडळी ‘रूडी’ म्हणायची. भराभर सांगते. जन्म बर्लिनचा, १९०८. डॉक्टरेट भूगर्भशास्त्रात. १९३३मध्ये, हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी, मुंबईत आले. भाऊ आधीपासून इथेच होता. दगडधोंड्यांच्या शास्त्रावर पोट भरेना, म्हणून जाहिरातीची कामं. मग टाइम्स ऑफ इंडियात कलासमीक्षा, आणि आडनावाची इंग्रजी अक्षरं फिरवून ‘डेन्ली’ नावानं व्यंगचित्रं. पुढे व्होल्टासमध्ये साहेब. हो, तेच, एसीवाले. नुसत्या समीक्षेवर घरभाडं तेव्हाही निघत नव्हतं.

आता तो शब्द. ‘शोधलं.’ माझं डोकं फिरतं या शब्दानं.

१९४७मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप, म्हणजे तरुण चित्रकार-शिल्पकारांचा गट, झाला. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे. सूझा साळगावचे, आपल्या गोव्याचे. छोडो भारतच्या धामधुमीत पडले म्हणून १९४५ला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून काढून टाकलेले. हुसेन जन्मले पंढरपुरात. गाडे अमरावती जिल्ह्यातले. रझा नागपूरच्या कलाशाळेतून आलेले. ही माणसं चित्रं काढत होती, भांडत होती, स्वतःची जागा मागत होती. कोणी खणून काढावं अशी जमिनीत पुरलेली नव्हती!

बरं, मग लायडननी केलं काय? लिहिलं. तुम्हाला वाटेल, एवढंच? अहो, तेव्हाचा प्रदर्शनाला जाणारा माणूस चित्रापुढे उभा राहून विचारायचा, “हे कशाचं आहे?” आणि उत्तर मिळालं नाही की निघून जायचा. अशा वाचकाच्या सकाळच्या चहाशेजारी, रोजच्या पेपरात, या पोरांना गांभीर्यानं घ्या असं कोणीतरी लिहिणं म्हणजे काय, विचार करा. जोडीला आणखी दोघं होते, व्हिएन्नाहून आलेले. वॉल्टर लँगहॅमर, टाइम्समध्येच कला संचालक. त्यांच्या नेपियन सी रोडच्या घरी चित्रकार जमायचे. आणि इमॅन्युएल श्लेसिंगर, औषधांच्या धंद्यातले, जे खिशात हात घालून चित्रं विकत घ्यायचे. एकानं घर उघडलं, एकानं पाकीट, एकानं पेपरातला रकाना. यात ‘शोध’ कुठे आहे?

आरांचं उदाहरण तुम्ही देणारच, म्हणून आधीच सांगते. आरा लोकांच्या घरी नोकर म्हणून राबत चित्रं काढायचे, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही जाऊन आलेले. लायडननी त्यांची चित्रं पाहिली आणि मागे लागले, की रीतसर शिक. हे मोठंच काम. पण चित्रं होती म्हणून पाहिली ना?

(गोल पत्ता कॅमेऱ्यापुढे धरून) आणि हा बघा. गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले खेळायचे पत्ते, सावंतवाडीची. मागे एकदा “ताई, हा कोस्टर कुठून घेतला?” अशी कमेंट आली होती, तोच हा कोस्टर. दशावतारी संच १२० पत्त्यांचा. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा पत्ते: राजा, प्रधान आणि एक ते दहा. अर्ध्या अवतारांत दहा वरचढ, अर्ध्यांत एक्का! दिवसा डाव रामाचा राजा उघडतो, रात्री कृष्णाचा. मी मावसभावाशी खेळायला बसले आणि अर्ध्या तासात दोघंही रमीवर आलो.

लायडन या पत्त्यांच्या नादी लागले ते कायमचे. गोळा केले, गावोगावचे प्रकार लावले, नियम लिहून काढले. १९८२मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये भारतीय गंजिफांचं प्रदर्शन झालं, ते त्यांच्याच अभ्यासावर. पुढच्याच वर्षी ते गेले. पण इकडे सावंतवाडीत खेमसावंत भोसल्यांच्या राजवाड्यात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवींनी म्हाताऱ्या चितारींकडून ही कला उचलून पुन्हा सुरू केली, ती स्वतःच्या हिमतीवर. तिथे गेले असताना एका रंगवणाऱ्याला मी मोठ्या तोंडानं विचारलं, “हे परदेशी अभ्यासकांनी शोधलं ना?” हो, मीसुद्धा हाच शब्द वापरलाय. ब्रश न उचलता तो म्हणाला, “शोधूक आमी हरवलेलो खंय?”

तर दादा, पुढच्या वेळी ‘ओळखलं’ लिहा, ‘उचलून धरलं’ लिहा. ‘शोधलं’ लिहिलंत तर कमेंट पिन करीन आणि खाली सावंतवाडीकरांना सोडीन.