बैठक क्रमांकाभोवतीचं लाल वर्तुळ

(दृश्य: पहाटेचा अंधार. सातपुड्याचा घाट. वळणावर एस.टी.च्या दिव्यांचा उजेड.)

धडगावहून शहाद्याकडे उतरणारी ही पहाटेची गाडी. एप्रिल महिना, विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा सुरू आहेत. सीटखाली कुणाचं मोहाच्या फुलांचं गाठोडं आहे, वर कुणाच्या मांडीवर उघडी वही. घाटात मोबाइलची रेंज येते आणि जाते. आली की मुलं हॉल तिकिटावरचा बैठक क्रमांक पुन्हा एकदा बघून घेतात. पाठ झालेला असतो, तरी बघतात.

(दृश्य: रिकामा वर्ग. बाकांवर खडूनं लिहिलेले आकडे. शिपाई एकेक बाक पुसत जातो.)

परीक्षा केंद्रावर विद्यार्थ्याचं नाव कुणी घेत नाही. बाकावर आकडा, दाराबाहेरच्या फलकावर आकडा, पर्यवेक्षकाच्या हातातल्या तक्त्यातही आकडाच.

(दृश्य: छपाई यंत्र. कागद बाहेर पडतो आहे.)

प्रश्नपत्रिका पूर्वी सीलबंद पाकिटातून यायच्या. या केंद्रावर आता त्या ऑनलाइन येतात. पेपरच्या थोडं आधी पासवर्ड मिळतो, फाइल उघडते आणि याच खोलीत छपाई होते. यंत्र चालू असेपर्यंत खोलीतलं माणूस बाहेर जात नाही. वीज गेली तर? म्हणून तो कोपऱ्यातला इन्व्हर्टर.

(दृश्य: उत्तरपत्रिकेचं पहिलं पान, जवळून. बारकोड.)

हा बारकोड नीट पाहा. तपासणीसाच्या हातात उत्तरपत्रिका पडते तेव्हा त्याला एवढंच दिसतं. लिहिणारी मुलगी कोणत्या गावची, कोणत्या आडनावाची, कोणत्या कॉलेजची, काही कळत नाही. ओळखीपाळखीवर गुण वाढू नयेत आणि आडनावावरून कापले जाऊ नयेत, यासाठीची ही तजवीज. चांगलीच आहे. खेड्यातून आलेल्या मुलांना तिचा फायदाच झाला, असं इथल्या सरांनी आम्हाला सांगितलं आणि ते पटतंही.

(दृश्य: घंटा. फाटक बंद होतं. एक मुलगा धावत येतो.)

पेपर सुरू झाल्यावर अर्धा तास आत घेतात. त्यानंतर फाटकाशी उभे असलेले भाऊ अहिराणीत समजावतात, "अर्धा तास व्हई गया, आते कोणले मझार सोडतस नही." त्यांचा आवाज चढत नाही. रोजचंच आहे.

(दृश्य: पर्यवेक्षकाचा हात. लाल पेन.)

या अर्ध्या तासानंतरचं काम आम्ही तीन दिवस चित्रित केलं. पर्यवेक्षिका बाकांमधून फिरतात, हजर विद्यार्थ्यांच्या सह्या घेतात. सही नसलेल्या क्रमांकाभोवती लाल वर्तुळ. मग ब्लॉकचा, म्हणजे त्या वर्गखोलीचा अहवाल: हजर इतके, गैरहजर इतके. सगळ्या ब्लॉकांचे अहवाल केंद्रप्रमुखांच्या टेबलावर येतात. तिथे हजर अधिक गैरहजर बरोबर एकूण, हा हिशेब जुळावा लागतो. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा त्या आकड्याशी मोजला जातो. एक जरी कमी भरला तरी पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा सापडली, पुरवणीत अडकलेली. तेव्हा कुठे कापडाला टाके पडले, लाख वितळली आणि शिक्का बसला. इतकं चोख काम सरकारी कचेऱ्यांत फार क्वचित बघायला मिळतं.

(दृश्य: तक्ता, जवळून. कॅमेरा एका लाल वर्तुळावर थांबतो.)

या तक्त्यात बैठक क्रमांक आहे, सही आहे, उत्तरपत्रिकेचा क्रमांक आहे. गैरहजर का, हे लिहायला रकाना नाही.

(निवेदन थांबतं. पंख्याचा आवाज.)

(दृश्य: दवाखान्यातली खाट. मुलीचे हात. सलाईनची नळी. चेहरा दिसत नाही.)

हे वर्तुळ ज्या क्रमांकाभोवती आहे, ती ही विद्यार्थिनी. बी.ए.चं तिसरं वर्ष, सहावं सत्र. चेहरा दाखवू नका म्हणाली, म्हणून हात. तिला सिकलसेल आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असायच्या त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, सांध्यांत कळा सुरू होतात. आई आणि वडील दोघंही वाहक असतील, म्हणजे या आजाराचं जनुक अंगात वागवत असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. नंदुरबारच्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांत हा आजार नवा नाही. त्याच्या निर्मूलनासाठी 1 जुलै 2023 रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिचं उद्दिष्ट 2047चं आहे.

अंगातलं पाणी कमी झालं, ऊन लागलं, दगदग झाली की कळा उठू शकतात. खान्देशातला एप्रिल म्हणजे चाळिशीपलीकडचा पारा. त्यात गच्च भरलेली गाडी, आणि पाणी कमी पिणं, कारण वाटेत मुलींना जायला जागा नाही. परीक्षेचं वेळापत्रक आणि या आजाराचं वेळापत्रक एकाच महिन्यात येतं. योगायोग म्हणायचा तर म्हणा.

(दृश्य: गिरणेचा पूल. नदीपात्रात पाण्याची एक रेघ. विद्यापीठाची कमान.)

जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांचं विद्यापीठ इथे, गिरणेच्या काठी. 1990मध्ये ते स्थापन झालं. त्याआधी खान्देशातल्या कॉलेजांचा कारभार पुण्याहून चाले. 2018पासून विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचं नाव इथल्या प्रत्येक पदवीच्या कागदावर छापलं जातं. एवढ्यासाठी तरी हे विद्यापीठ आम्हाला आपलं वाटतं.

(दृश्य: टेबलावर पसरलेले कागद. बोट एका ओळीवर.)

आता नियम. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या श्रेयांक पद्धतीत श्रेणींचा एक तक्ता आहे. सर्वात वर 'ओ', त्याला दहा गुणांक. खाली उतरत 'एफ', म्हणजे नापास, शून्य. त्याखाली शेवटची ओळ 'एबी', गैरहजर. तीही शून्य. पेपर कोरा ठेवून उठलेला आणि दवाखान्यात पडलेली, दोघांची किंमत सारखी. दोघांनाही पुढच्या हंगामात तो विषय बॅकलॉग म्हणून द्यायचा, पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क. मुलं याला 'विषय राहिला' म्हणतात. कशानं राहिला, ते या शब्दातही येत नाही.

कॉलेजच्या अंतर्गत चाचणीचं तसं नसतं. मुलगी आजारी होती हे सरांना ठाऊक असतं, ते पुढच्या आठवड्यात चाचणी घेऊ शकतात. वर्गातली हजेरी कमी पडली तर डॉक्टरचा दाखला चालू शकतो. लेखी परीक्षेच्या दिवशी मात्र तोच दाखला फाइलला लावायचा कागद होतो.

(दृश्य: लेखनिकाशेजारी बसलेला अंध विद्यार्थी. ओठ हलताहेत, पेन चालतं आहे.)

सवलती आहेत, आणि त्या झगडून मिळालेल्या आहेत. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत 21 प्रकार आहेत, सिकलसेल त्यांत आहे. लेखनिक घेणाऱ्या पात्र विद्यार्थ्याला तासाला किमान 20 मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला आणखी एक तास. फेब्रुवारी 2021मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी पुढचं पाऊल टाकलं. किमान 40 टक्के दिव्यांगत्वाच्या अटीत न बसणाऱ्या, पण हातानं लिहिणं ज्याला खरोखर जमत नाही अशा उमेदवारालाही लेखनिक नाकारता येणार नाही, असा निकाल दिला. पण यातली प्रत्येक सोय बाकावर येऊन बसलेल्यासाठी आहे. जादा मिनिटं घ्यायला आधी फाटकातून आत यावं लागतं.

(दृश्य: टाळेबंदीतलं रिकामं कॉलेज. मैदानात गवत.)

आणि गैरहजर राहिलेल्यासाठी वाट कधीच निघाली नाही, असंही नाही. 6 जुलै 2020ची आयोगाची मार्गदर्शक सूचना पाहा. अंतिम सत्राचा विद्यार्थी परीक्षेला येऊ शकला नाही, कारण कोणतंही असो, तर त्याला विशेष परीक्षेची संधी देता येईल. कारण कोणतंही असो! दाखला नको, वैद्यकीय मंडळ नको, अर्जावर अर्ज नकोत. मात्र पुढच्याच ओळीत ही तरतूद 2019-20 या एकाच वर्षापुरती असल्याचं लिहिलं आहे. साथीचा आजार सगळ्या देशाला झाला तेव्हा विशेष परीक्षेची वाट निघाली. एकट्या मुलीला होणाऱ्या आजारासाठी ती पुन्हा बंद आहे. सरकारी रुग्णालयाचा दाखला आणि पंधरा-वीस दिवसांनी एक पेपर, यापलीकडे आमची मागणी नाही. छापायचं यंत्र तर केंद्रावर आहेच.

(दृश्य: वसतिगृहाची खोली. कोपऱ्यात ट्रंक. कपडे भरणारे हात.)

त्या एका पेपरामुळे निकाल अडला, बी.एड.चा प्रवेश गेला, वसतिगृहातली जागाही गेली.

(निवेदन नाही. ट्रंकेला कुलूप लागतं.)

(दृश्य: झेरॉक्सचं दुकान. बाहेर पाऊस संपत आलेला. संगणकाच्या पडद्यावर परीक्षा अर्ज.)

हिवाळी परीक्षेचे अर्ज सुरू झाले आहेत. दुकानदार विचारतो, "ताई, रेग्युलर का बॅकलॉग?" ती बोटानं दुसरा चौकोन दाखवते. विषय एकच, भूगोल. विलंब शुल्क लागू नये म्हणून पहिल्याच दिवशी आली आहे.

(दृश्य: तिचे हात. पावतीची घडी. दुकानाबाहेर धडगावची गाडी.)